मॅमोग्राफीचा डिजिटल डिटेक्टर: नागपुरात मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरातलीच एक्सरे टेक्निशियन, त्यातली बरीच वर्षं मॅमोग्राफीवर, म्हणजे कॅन्सर शोधायला काढतात त्या स्तनाच्या एक्सरेवर. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली फिल्म धुण्यापासून सुरुवात केली, मग सीआरच्या (कॉम्प्युटेड रेडिओग्राफी) कॅसेटा आल्या, आता डीआर (डिजिटल रेडिओग्राफी). मी डॉक्टर नाही त्यामुळे रिपोर्टचा अर्थ मला विचारू नका, पण मशिनच्या आत काय होतं ते विचारा. धंतोली-रामदासपेठेत, म्हणजे आमच्या दवाखान्यांच्या भागात फिरलं की "डिजिटल मॅमोग्राफी"चे बोर्डच बोर्ड दिसतात, आणि प्रत्येक बोर्डामागचं डिजिटल सारखं नसतं. पेशंट, नवीन पोरंपोरी आणि मशिन घ्यायला निघालेले डॉक्टर, तिघांचे प्रश्न इथे एकत्रच टाकून राहिली आहे, ज्याला जे लागेल ते वाचा.

डिटेक्टर म्हणजे मशिनमधलं नेमकं काय हो?

ज्या सपाट पाटीवर स्तन ठेवायला सांगतो ना, ती गार लागते म्हणून सगळ्या जणी "अगं बाई" करतात, त्या पाटीच्या आत. वर एक्सरेची ट्यूब, मध्ये दाबणारं पारदर्शक पॅडल आणि खाली हा. पूर्वी त्या जागी फिल्मची कॅसेट सरकवायचो. आता तिथे कायमचा बसवलेला डिटेक्टर आहे, तो एक्सरे पकडतो आणि त्याचे आकडे करून कॉम्प्युटरला देतो. अख्ख्या मशिनमधली सगळ्यात महाग आणि सगळ्यात नाजूक वस्तू हीच, बाकी लोखंड.

बोर्डावर "डिजिटल" असतं, मग सीआर आणि डीआर वेगळं काय?

सीआरमध्ये कॅसेटच असते, फक्त आत फिल्मऐवजी फॉस्फरची प्लेट. एक्सरे पडले की ती प्लेट ऊर्जा धरून ठेवते, मग आम्ही ती काढून रीडरमध्ये घालतो, तिथे लाल लेझर फिरतो आणि प्लेटमधून निळसर उजेड निघतो, त्या उजेडाचा फोटो बनतो. जुनं फिल्मचं मशिन तसंच ठेवून डिजिटल व्हायचा हा स्वस्तातला रस्ता, म्हणून आपल्याकडे भरपूर ठिकाणी आला. वाईट नाही, पण प्लेट रोज आतबाहेर करून ओरखडे पडतात, धूळ बसते, आणि तेवढ्याच चांगल्या फोटोला डोस साधारणपणे डीआरपेक्षा जास्त लागतो. डीआरमध्ये कॅसेट नाही, पळापळ नाही, काही सेकंदांत फोटो समोर. म्हणजे पेशंट पोझिशनमधून हलायच्या आधीच मला कळतं की काखेकडचा भाग नीट आला की नाही. हे सुख ज्याने डार्करूममध्ये उभं राहून "देवा, नीट येऊ दे" म्हटलंय त्यालाच कळेल.

डायरेक्ट आणि इनडायरेक्ट डिटेक्टर, सेल्सवाला सांगून गेला पण डोक्यावरून गेलं

सेल्सवाला आपलंच चांगलं सांगणार. मी सोपं करते.

एक्सरे दिसत नाहीत आणि इलेक्ट्रॉनिक्सला ते सरळ कळतही नाहीत, कोणीतरी मध्ये दुभाष्या लागतो. इनडायरेक्टमध्ये हा दुभाष्या म्हणजे सिझियम आयोडाइडचा थर. एक्सरे पडले की तो उजेड देतो, आणि खाली अमॉर्फस सिलिकॉनचे बारीक फोटोडायोड असतात ते उजेडाची वीज करतात. आता उजेड म्हटलं की तो पसरणार, पसरला की फोटो धूसर, म्हणून हा थर सुयांसारख्या उभ्या स्फटिकांचा वाढवतात. प्रत्येक सुई काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, उसाच्या मोळीसारख्या एकमेकींना चिकटून उभ्या, उजेड आपल्या आपल्या सुईतून सरळ खाली जातो. सगळाच नाही जात, थोडा शेजारच्या सुईत घुसतोच. अमेरिकेत २००० साली पहिल्यांदा मंजुरी मिळालेलं पूर्ण डिजिटल मॅमोग्राफी मशिन, जीईचं सेनोग्राफ २०००डी, याच जातीचं होतं, पिक्सल १०० मायक्रॉनचा.

डायरेक्टमध्ये उजेडाची भानगडच नाही. तिथे अमॉर्फस सेलेनियमचा थर असतो. एक्सरे आत शिरला की तिथल्या तिथे विद्युतभार सुटतो, आणि थरावर दिलेलं व्होल्टेज त्याला सरळ खाली ओढून घेतं, इकडेतिकडे भटकायला वेळच देत नाही. मायक्रॉनमागे साधारण १० व्होल्ट, म्हणजे २०० मायक्रॉनच्या थराला २००० व्होल्टच्या घरात! म्हणून फोटोतल्या कडा जास्त धारदार. मॅमोग्राफीचे एक्सरे कमी ताकदीचे असतात म्हणून एवढा पातळ थर पुरतो, छातीच्या एक्सरेला तो बराच जाड लागतो. होलॉजिकचं सेलेनिया हे या जातीचं नाव सगळ्यांना माहीत असतं, त्याचा पिक्सल ७० मायक्रॉन.

गंमत म्हणजे सेलेनियम काही नवीन नाही. जुन्या झेरॉक्स मशिनच्या ड्रमवर हेच असायचं, आणि १९७० च्या दशकात त्याच झेरॉक्सच्या तंत्राने मॅमोग्राफीसुद्धा काढायचे, कागदावर निळ्या रंगात.

दोन्ही चांगले. तुम्ही मला खोदून खोदून विचाराल की ताई तुमचं मत काय, तर मी विचारेन की तुमच्या खोलीचा एसी कोणता आहे. काहून ते पुढे सांगते.

पिक्सल जेवढा छोटा तेवढा डिटेक्टर भारी ना?

नाही ना बाप्पा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने सगळ्यांना ही सवय लावली आहे.

आम्ही शोधतो ते कॅल्शियमचे बारीक कण, मायक्रोकॅल्सिफिकेशन, रव्याच्या दाण्याहून लहान. त्यासाठी पिक्सल बारीक हवा हे खरं. १०० मायक्रॉनचा पिक्सल जास्तीत जास्त मिलिमीटरमागे ५ रेघांच्या जोड्या (एक काळी, एक पांढरी अशी जोडी) वेगळ्या दाखवू शकतो, ७० चा साधारण ७, ५० चा १०. पण पिक्सल लहान केला की त्याच्या वाट्याला एक्सरेही कमी येतात, म्हणजे फोटोत दाणेदारपणा वाढतो, आणि तो घालवायला डोस वाढवला तर मग आपण मिळवलं काय? म्हणून खरा आकडा विचारायचा तो डीक्यूई. शंभर एक्सरे कण डिटेक्टरवर आले तर त्यातल्या किती कणांची माहिती शेवटच्या फोटोपर्यंत टिकली, असा ढोबळ अर्थ. ब्रोशरमध्ये पिक्सल मोठ्या अक्षरात असतो आणि डीक्यूई मागच्या पानावर, बारीक.

फिल्मवर जास्त बारीक दिसायचं असं आमचे सर म्हणतात

सर बरोबर आहेत! चांगल्या फिल्मवर मिलिमीटरमागे १५ च्या वर रेघांच्या जोड्या दिसायच्या, डिजिटल त्याच्या निम्म्यावर. तरी डिजिटल जिंकलं कारण फिल्मचा जीव लहान. एक्सरे जरा कमी पडले की फिल्म पांढरी, जरा जास्त पडले की काळी, मधल्या छोट्याशा पट्ट्यातच ती नीट बोलते. दाट स्तन (चरबी कमी, ग्रंथी जास्त असलेला) असला की तो भाग पांढराफट्ट व्हायचा आणि त्या पांढऱ्यात पांढरी गाठ शोधायची म्हणजे दह्यात साबुदाणा शोधण्यासारखं. डिजिटल डिटेक्टर कमी एक्सरेलाही आणि जास्तीलाही सरळ प्रमाणात उत्तर देतो, १४ बिटचा असेल तर १६,३८४ छटा, आणि डॉक्टर स्क्रीनवर हव्या त्या छटा ओढूनताणून बघू शकतात.

याची मोठी परीक्षा अमेरिका-कॅनडात झाली, डीमिस्ट नावाची, ४९,५२८ बायकांची फिल्म आणि डिजिटल दोन्ही काढून. २००५ मध्ये निकाल आला. सगळ्या बायका मिळून बघितलं तर दोन्ही सारखेच, पण पन्नाशीच्या आतल्या, दाट स्तनाच्या आणि पाळी अजून न गेलेल्या किंवा जायच्या बेतात असलेल्या बायकांमध्ये डिजिटल सरस ठरलं. आपल्याकडे स्तनाचा कॅन्सर तिकडच्यापेक्षा कमी वयात दिसतो, म्हणून मला हा निकाल आपल्या कामाचा वाटतो.

रेडिएशनने उलट कॅन्सर होणार नाही का?

प्रत्येक दुसरी बाई विचारते आणि विचारावंच. नेहमीचे चार फोटो, दोन्ही बाजूंचे वरून आणि तिरपे, मिळून शरीराला साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट (हे रेडिएशन मोजायचं माप). आपल्याला जमिनीतून, हवेतून, आकाशातून नुसतं बसल्या बसल्या वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतंच, म्हणजे हे दोनेक महिन्यांचं झालं. गरोदर असाल किंवा शंका असेल तर मात्र आधीच सांगा, लाजू नका.

एक गोष्ट पेशंटला माहीत नसते. फिल्मवर डोस जास्त झाला तर फोटो काळा व्हायचा, चूक लगेच दिसायची. डिजिटलमध्ये डोस जास्त गेला तर फोटो उलट छानच दिसतो! त्यामुळे कोणी लक्ष ठेवलं नाही तर डोस हळूहळू वर सरकतो आणि कोणाला कळतही नाही. म्हणून मशिनवर दर फोटोचा डोस लिहिलेला येतो तो नुसता येऊ देऊ नका, महिन्यातून एकदा बघा. आणि अणुऊर्जा नियामक मंडळाचं लायसन्स मॅमोग्राफीलाही लागतं बरं का, काही जण समजतात छोटं मशिन आहे, चालतं.

इतकं दाबता काहून? जीव जातो

माहीत आहे, मी पण करून घेतली आहे. दाबलं की जाडी कमी होते, एक्सरे कमी लागतात, एकावर एक आलेला भाग पसरतो आणि हलायला वाव राहत नाही. डिटेक्टर कितीही भारी असो, स्तन अर्धा मिलिमीटर हलला तर ७० मायक्रॉनचा काय उपयोग. पाळी यायच्या आधीचा आठवडा टाळा, पाळी झाल्यावर दुखणं कमी असतं.

पावडर, डिओ लावून आले तर?

पुसायला लावू. टाल्कम पावडरचे आणि डिओमधल्या ॲल्युमिनियमचे कण फोटोत अगदी कॅल्सिफिकेशनसारखे दिसतात. मे महिन्यात तर नागपुरात अर्ध्या बायका घामोळ्याची पावडर थापूनच येतात, त्यामुळे ओल्या नॅपकिनचा गठ्ठा माझ्याकडे तयार असतो.

उन्हाळ्यात मशिन बंद पडतं म्हणतात, खरं आहे का?

आता आपण मुद्द्यावर आलो.

सेलेनियमचा तो थर अमॉर्फस असतो, म्हणजे त्याचे अणू विस्कटलेले, काचेसारखे. त्याला मनातून स्फटिक व्हायचं असतं. खोलीच्या तापमानाच्या थोडंच वर गेलं की शुद्ध सेलेनियम हळूहळू जमायला लागतं, म्हणून कारखान्यातच त्यात थोडं आर्सेनिक मिसळतात, तो त्याला थोपवून धरतो. थोपवतो, कायमचा थांबवत नाही. चाळिशीच्या वर तापलेल्या खोलीत त्याला तासन्‌तास ठेवलं तर जिथे स्फटिक झाला तो ठिपका गेला, तो दुरुस्त होत नाही, डिटेक्टर बदला. आणि इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बंद खोलीचं तर विचारूच नका.

मी बघितलेलं सांगते, सेंटरचं नाव नाही सांगणार. मे महिना, जोडून सुट्ट्या आलेल्या. जाताना कोणीतरी लाइटबिल वाचवायला म्हणून मेन स्विचच खाली केला. आता या मशिनांचा डिटेक्टर रात्रीही आपलं तापमान सांभाळत असतो, कॉम्प्युटर बंद केला तरी तो बंद करायचा नसतो, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सुट्टीनंतर येऊन बघतो तर खोली भट्टी झालेली, कॅलिब्रेशन, म्हणजे डिटेक्टर ताळ्यावर आहे का ती चाचणी, पास होईना, फोटोवर एका कोपऱ्यात ठिपक्यांचा घोळका. मॅमोग्राफीत ठिपक्यांचा घोळका म्हणजे लगेच कॅन्सरची शंका. इंजिनियर आला, त्याने बघितलं आणि नुसती मान हलवली. नवीन डिटेक्टर येईपर्यंत महिनाभर पेशंट दुसरीकडे पाठवले, आणि वाचवलेलं बिल किती, तर दोन-तीन दिवसांचं.

सिझियम आयोडाइडवाले हसू नका. त्याला उष्णता तेवढी बाधत नाही पण ओल बाधते, तो हवेतलं पाणी ओढतो. म्हणून त्याला सीलबंद करतात, पण सील म्हणजे काही अमरपट्टा नाही, आणि इलेक्ट्रॉनिक्सलाही दमट हवा नकोच असते. आणि आपण काय करतो? एसी बिघडला की खिडकीला कूलर! वाळ्याच्या ताट्या लावून! घरी लावा, मॅमोच्या खोलीत ओल्या हवेचा झोत नको म्हणजे नको. एसी बंद पडला तर पेशंट थांबवा, एसीवाल्याला बोलवा.

मी माझ्यापुरतं असं ठरवलंय: खोलीला दोन एसी, आलटूनपालटून. भिंतीवर साधा तापमान-आर्द्रतेचा काटा, सकाळी आल्यावर आणि जाताना वहीत आकडा. डिटेक्टरच्या लाइनला वेगळा यूपीएस आणि त्या स्विचवर मोठ्या अक्षरात "हात लावू नये". मशिनच्या मॅन्युअलमध्ये किती ते किती डिग्री चालतं ते छापलेलं असतं, ते पान फोटो काढून वॉचमनदादालाही पाठवून ठेवा, कारण रात्री डिटेक्टरजवळ तोच असतो.

रोज सकाळी तो ॲक्रिलिकचा ठोकळा ठेवून काय करता?

डिटेक्टरमध्ये लाखो पिक्सल असतात, २४ बाय २९ सेंटिमीटरच्या ७० मायक्रॉनवाल्यात तर सव्वा कोटीच्या वर. सगळे सारखे कसे असतील? काही जरा जास्त बोलतात, काही कमी, काही मेलेलेच. सगळीकडे सारखा जाड असलेला ठोकळा ठेवून एक्सरे दिला की फोटो एकसारखा करडा यायला हवा, जिथे येत नाही तिथला फरक कॉम्प्युटर लक्षात ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक फोटोत दुरुस्त करतो, मेलेल्या पिक्सलच्या जागी शेजाऱ्यांची सरासरी भरतो. ठोकळा स्वच्छ पुसलेला हवा! त्यावर धूळ असेल तर मशिन ती धूळही शिकून घेतं आणि मग तो डाग सगळ्या पेशंटच्या फोटोत येत राहतो. एका नव्या पोरीने दोन तास डोकं खाजवलं होतं, शेवटी निघालं ठोकळ्यावर चिकटपट्टीचा तुकडा.

रोज की आठवड्याला ते कंपनीप्रमाणे बदलतं. शिवाय फँटम, म्हणजे तपासणीसाठीचा नकली स्तन असतो, आत खोटे धागे, खोटे कण, खोट्या गाठी लपवलेल्या. जुन्या एसीआर (अमेरिकेतली रेडिओलॉजिस्टांची संस्था) फँटममध्ये किमान ४ धागे, ३ कणांचे गट आणि ३ गाठी दिसल्या तर पास. मी दर वेळी पहिल्या फोटोशी ताडून बघते, म्हणजे डिटेक्टर हळूहळू म्हातारा होत असेल तर पकडता येतो.

आधीच्या पेशंटची पुसट सावली दिसते, भूत आहे का?

नावच घोस्टिंग आहे त्याचं. सेलेनियममध्ये थोडा भार अडकून राहतो आणि पुढच्या फोटोत डोकावतो. सलग घाईघाईत काढले किंवा तापमान बरोबर नसलं तर जास्त. दोन फोटोंमध्ये मशिन जेवढा वेळ मागतं तेवढा द्या. तरीही राहिलं तर इंजिनियर.

टोमो म्हणजे थ्रीडी, त्यात डिटेक्टर वेगळा लागतो का?

जात तीच, पण चपळ लागतो. ट्यूब कमानीत फिरते आणि वेगवेगळ्या कोनांतून हलके हलके फोटो काढते, होलॉजिकमध्ये १५ डिग्रीत १५, जीईमध्ये २५ डिग्रीत ९, सीमेन्समध्ये ५० डिग्रीत २५. त्यातून कॉम्प्युटर एकेक मिलिमीटरचे काप करतो. काही सेकंदांत एवढे फोटो वाचायचे आणि प्रत्येकाला डोस चिमूटभर, म्हणून डिटेक्टरचा स्वतःचा आवाज, म्हणजे नॉइज, कमी हवा. काही मशिन त्यासाठी चार पिक्सल मिळून एक करतात, ७० चे १४० मायक्रॉन. अमेरिकेत याला २०११ मध्ये मंजुरी मिळाली. दाट स्तनात एकावर एक आलेला भाग सुटा होतो हा मोठा फायदा. सगळ्यांना लागतंच असं नाही, डॉक्टरांनी सांगितलं तर करा.

सेकंडहँड मशिन मिळून राहिलं आहे, घेऊ का?

घ्या, पण रंग बघून नाही. डिटेक्टर कधी बनला त्याची तारीख बघा, मशिनची नाही, कारण मध्ये बदललेला असू शकतो. मेलेल्या पिक्सलचा नकाशा मागा, इंजिनियरकडे असतो. कुठे आणि कसा ठेवला होता ते विचारा. सहा महिने गोडाऊनमध्ये पडून असलेला सेलेनियम डिटेक्टर फुकटातही नको. ट्रकमधून येणार असेल तर तापमान सांभाळून येणार का ते लिहून घ्या, मुंबईहून उघड्या ट्रकमध्ये एप्रिलमध्ये आणलात तर बुटीबोरीला पोचेपर्यंतच कथा संपलेली असेल. आणि सर्व्हिसच्या करारात "डिटेक्टर आणि ट्यूब सोडून" अशी ओळ आहे का बघा. बहुतेक वेळा असते. ती ओळ असेल तर तो करार म्हणजे लग्नाच्या पंगतीत पान मांडलं, पण भातच नाही.

हाताला गाठ लागते पण मॅमोग्राफी नॉर्मल आली. आता?

थांबू नका, त्याच डॉक्टरांना परत दाखवा, सोनोग्राफी होईल, लागलं तर सुईची तपासणी. दाट स्तनात जगातला सर्वात चांगला डिटेक्टरही चुकतो. नागपुरात सरकारी मेडिकल, मेयो, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं एनसीआय (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट), मिहानचं एम्स, जिथे जमेल तिथे जा.

रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तर चालेल ना?

कागदावरचा रिपोर्ट चालेल, मॅमोग्राफीचा फोटो नाही. एकेक फोटो साधारण २७ एमबीचा असतो, चारचे शंभरच्या वर, तो मोबाइलने स्क्रीनवरून काढला आणि व्हॉट्सॲपने दाबून छोटा केला की त्यात कॅल्सिफिकेशन उरतच नाही. डॉक्टर तो ५ मेगापिक्सलच्या खास मॉनिटरवर, खोली अंधारी करून बघतात. म्हणून सीडी किंवा पेनड्राइव्हवर डायकॉममध्ये (मेडिकल फोटोंचा मूळ फॉरमॅट) मागून घ्या, आणि पुढच्या वेळी येताना जुनीही आणा, दुसऱ्या सेंटरची असली तरी. मागच्या आठवड्यात एक आजी पाच वर्षांपूर्वीची सीडी स्टीलच्या डब्यात, कापडात गुंडाळून घेऊन आल्या होत्या, वर सांडगे! चालली ती, एकदम स्वच्छ. डॉक्टरांनी दोन्ही शेजारीशेजारी लावून बघितलं, आताच्या फोटोत दिसलेला ठिपका तेव्हाही तिथेच होता आणि तेवढाच होता. आजी म्हणाल्या, मग सांडगे ठेवून घ्या.